चुलीची उरलेली ऊब: पाणी, वाळवण आणि सुकं घर, पण या क्रमाने

कोकणात घर गरम करायला कोणी चूल पेटवत नाही. जानेवारीतल्या चार-दोन पहाटा सोडल्या तर थंडी आपल्याला छळत नाही, छळते ती ओल. मिरग लागला की गणपती होईपर्यंत कपडे सुकत नाहीत, पापड मऊ पडतात, कपाटातल्या चपलांवर पांढरी बुरशी चढते. आणि त्याच घरात सकाळ-संध्याकाळ चूल पेटते, अडीच-तीन किलो लाकूड जळतं आणि त्यातली बहुतेक ऊब कौलांतून निघून जाते.

ही ऊब धरायची खटपट बरेच जण करतात आणि बहुतेकांचं काम एकाच कारणाने फसतं. सुरुवात शेवटच्या पायरीपासून होते. कोणी थेट चुलीवर दोरी बांधून कपडे टांगतो, कोणी बाजारातून तांब्याची नळी आणून चुलीत घालतो. लाकूड ओलं, धूर घरात, वैलाचा, म्हणजे चुलीच्या दुसऱ्या, मागच्या तोंडाचा, बोगदा राखेने बुजलेला. अशा चुलीवर काहीही बसवलं तरी हाती काजळीच येणार.

खाली पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने करा. तिसरी होईपर्यंत चौथीला हात घालू नका.

पायरी १: आधी मोजा

एक स्वयंपाकघरातला थर्मामीटर आणि एक ताणकाटा एवढंच लागतं. सकाळच्या स्वयंपाकाआधी लाकडं तोला. वैलावर झाकणाच्या पातेल्यात बरोबर १० लिटर पाणी ठेवा आणि त्याचं तापमान लिहून घ्या. स्वयंपाक आटोपला की पाणी ढवळून पुन्हा तापमान घ्या.

एक लिटर पाणी एक अंशाने तापायला एक किलोकॅलरी लागते. माझ्याकडे पहिल्या दिवशी पाणी २६ वरून ५८ अंशांवर गेलं. म्हणजे ३२ अंश गुणिले १० लिटर, ३२० किलोकॅलरी. लाकूड जळलं होतं अडीच किलो. बऱ्यापैकी सुकं लाकूड किलोला साधारण ३,५०० किलोकॅलरी देतं, म्हणजे पावणेनऊ हजारांतले ३२० माझ्या पातेल्यात आले. मुख्य भांड्यात गेलेली ऊब वेगळी, पण साध्या चुलीत तीही एकूण उष्णतेच्या दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपासच असते.

आकडा लहान वाटला तरी ५८ अंशांचं १० लिटर पाणी तेवढ्याच गार पाण्यात मिसळलं की ४२ अंशांची २० लिटरची बादली होते. एका माणसाची अंघोळ फुकटात निघाली. हा आकडा भिंतीवर खडूने लिहून ठेवा, पुढच्या प्रत्येक पायरीनंतर तो वाढला की नाही हे बघायचं आहे.

पायरी २: लाकूड

ओल्या लाकडातलं प्रत्येक किलो पाणी वाफ होऊन जाताना सुमारे ६०० किलोकॅलरी घेऊन जातं. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्म्यापर्यंत पाणी असू शकतं. म्हणजे तुम्ही आधी लाकूड शिजवता, मग भात.

ऐन, किंजळ, आकेशिया काहीही असो, लाकूड निदान मे महिनाभर फोडलेल्या अवस्थेत उन्हात पडलं पाहिजे. ओंडका उन्हात ठेवून उपयोग नाही. मनगटाएवढ्या जाडीपर्यंत फोडा, मग रचा. रचताना खाली दोन आडवी लाकडं घालून जमिनीपासून वीतभर उचला. वरून ताडपत्री घाला, पण बाजू उघड्या ठेवा. ताडपत्रीने चारी बाजूंनी गुंडाळलेला ढीग आतून घामेजतो आणि ऑगस्टात त्यावर अळंबी उगवतात. हे मी दोन वर्षं केलं आहे.

तपासा: दोन फाटे एकमेकांवर आपटा. खणखणीत आवाज आला तर सुकं. भद्द आवाज आला, किंवा जळताना टोकाला फेस आला, तर ओलं.

सोडणं (नारळाची सालं) आणि करवंट्या पेटवायला उत्तम, पण निव्वळ सोडणांवर चूल चालवू नका. दमट सोडणं धुमसतात आणि चिमणीत डांबरासारखा थर चढवतात.

सावध: उद्याची लाकडं चुलीमागे सुकत ठेवायची पद्धत चांगली आहे, पण रात्री निजण्याआधी ती हातभर दूर ओढा. राखेतला निखारा पहाटेपर्यंत जिवंत असतो.

पायरी ३: धूर बाहेर

घरातल्या जुन्या माणसांना धुराचं प्रेम असतं. धुराने वासे टिकतात, कीड लागत नाही, हे खरंच आहे. पण तो धूर आपल्या छातीतही जातो, आणि धुरावर वाळवलेल्या पापडाला डांबराचा वास येतो. आपल्याला ऊब हवी आहे, धूर नको. म्हणून चिमणी.

घरगुती दोन तोंडांच्या चुलीला ७५ ते १०० मिलिमीटर व्यासाचा पत्र्याचा नळ पुरतो. वैलाच्या मागून तो सरळ वर न्यायचा, शक्यतो एकही वळण न देता. कौलांतून बाहेर पडतो तिथे दोन कौलं काढून भोक पाडलेला पत्रा बसवा. वासा, रीप, कोना, जे काही लाकडी असेल ते उघड्या नळापासून किमान ४५ सेंटिमीटर लांब राहिलं पाहिजे. तेवढी जागा नसेल तर वासा कापून आडवा दुवा द्यावा लागतो, आणि ते काम सुताराचं आहे. नळ कौलांच्या वर निदान दोन फूट काढा. पावसाळी वारा पश्चिमेकडून आढ्यावरून खाली येतो, त्यामुळे आढं जवळ असेल तर नळाचं तोंड त्याच्याही वर गेलं पाहिजे. वर टोपी हवीच.

सिमेंटचे जुने नळ घरात पडलेले असतात. त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते कापत-घासत बसू नका.

तपासा: चूल पेटली की चुलीच्या तोंडाशी उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे. बाहेर लोंबत राहिला तर पुढे जाऊ नका. आधी बोगदा आणि चिमणी झाडा.

पायरी ४: वैलावरचं पाणी

आता खरी कमाई. बहुतेक चुलींत वैलाखालची पोकळी नुसता खड्डा असते. जाळ येतो, खड्ड्यात फिरतो आणि भांड्याच्या बुडाला न शिवता चिमणीत जातो. उपाय मातीचाच आहे.

मुख्य तोंडाकडून वैलाकडे जाणारा बोगदा चढता करा. वैलाच्या खाली माती-शेण-तुसाच्या गाऱ्याचा उंचवटा करा, असा की पातेलं ठेवल्यावर त्याचं बूड आणि उंचवटा यांत दोन बोटांचं अंतर राहील. जाळ त्या फटीतून घासत गेला पाहिजे. गारा आठ दिवस सावलीत वाळू द्या, मग लहान जाळ, मग मोठा. पहिल्याच दिवशी भडका केला तर भेगा पडतात.

दोन बोटं हे सुरुवातीचं माप आहे. धूर पुढच्या तोंडातून परतायला लागला तर उंचवटा थोडा खरवडा. पाणी पूर्वीएवढंच तापत असेल तर थोडा चढवा. माझ्या चुलीला तीन वेळा खरवडावं लागलं.

भांडं कोणतं? बूड रुंद, उंची कमी. हंडा दिसायला छान, पण त्याचं बूड गोल आणि तोंड अरुंद. वैलाच्या तोंडावर तो नीट बसत नाही आणि बाजूने ऊब गळते. सपाट बुडाचं तपेलं घ्या, वैलाच्या तोंडाची कड मातीने लिंपून त्याच्या मापाची करा. झाकण असलंच पाहिजे. उघड्या पाण्याची वाफ ऊब तर नेतेच, शिवाय घरातली ओलही वाढवते, म्हणजे दुहेरी नुकसान.

तापलेलं पाणी लगेच वापरायचं नसेल तर झाकणाच्या डब्यात ओतून गोणपाट आणि पेंढा गुंडाळून ठेवा. सकाळी ओतलेलं पाणी दुपारीही अंघोळीजोगं राहतं. मात्र कोमट पाणी दिवसेंदिवस साठवू नका. रोजचं रोज संपवा, कारण कोमट साठ्यात जंतू वाढतात.

तपासा: पहिल्या पायरीतलाच प्रयोग पुन्हा करा. लाकूड तेवढंच, पाणी तेवढंच. माझा आकडा ३२० वरून साडेपाचशेच्या पुढे गेला. तुमचा निदान दीडपट झाला नसेल तर उंचवटा चुकला आहे.

आता तांब्याच्या नळीविषयी. चुलीच्या भिंतीत तांब्याच्या नळीचं वेटोळं बसवून त्याची दोन टोकं वरच्या टाकीला जोडली की पाणी आपोआप फिरतं. गरम हलकं होऊन वर जातं, गार खाली येतं. पंप लागत नाही. पण हे करायचंच असेल तर तीन गोष्टी सोडून चालणार नाहीत. टाकीचा तळ वेटोळ्याच्या वर हवा. गरम पाण्याची नळी टाकीपर्यंत सतत चढती हवी, मध्ये कुठे खाली वाकली की हवा अडकते. आणि तिसरी: टाकी उघडी, आणि दोन्ही नळ्यांवर एकही कॉक नाही.

तिसरी मी मोडली. न्हाणीत पाणी हवं तेव्हाच यावं म्हणून वरच्या नळीवर कॉक लावला. एका सकाळी तो बंद राहिला आणि खाली चूल रणरणत होती. वाफेने खालचा सांधा धाडकन सुटला, उकळतं पाणी आणि राख मिळून चुलीसमोरच्या पाटावर उडाली. पाटावर बसणारी आई त्या वेळी परसात अबोली तोडत होती, म्हणून हे लिहायला मी मोकळा आहे. कॉक लावायचा तो टाकीतून न्हाणीकडे जाणाऱ्या वेगळ्या नळीवर. फिरत्या वाटेवर कधीच नाही.

सावध: टाकीत पाणी नसताना चूल पेटवू नका. जस्ताचा मुलामा असलेला लोखंडी नळ जाळात घालू नका. नळ्यांच्या चुलीजवळच्या भागाला प्लॅस्टिक नको. आणि जांभ्यातल्या विहिरींचं पाणी बहुधा आम्लधर्मी असतं; तांब्याच्या नळीत ते हिरवं-निळं होतं. अंघोळीला चालेल, पिण्याला किंवा स्वयंपाकाला नको.

पायरी ५: वाळवणाचं कपाट

आधी हे समजून घ्या, नाहीतर कपाट नुसतं गरम होईल आणि आतलं ओलंच राहील. पावसाळ्यात बाहेरची हवा २७ अंशांची आणि नव्वद टक्के दमट असते. तीच हवा ३७ अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास येते. पाणी कमी झालेलं नाही, हवेची तहान वाढली आहे. म्हणजे वाळवायला रखरखीत उष्णता लागत नाही, दहा अंश पुरतात. पण पाणी प्यायलेली हवा घराबाहेर गेली पाहिजे. चुलीवर दोरी बांधून, दारं लावून कपडे सुकवले की ते पाणी माजघराच्या भिंतीवर जाऊन बसतं. कपडे सुकतात, भिंत काळी होते, आणि आपण चिऱ्याला दोष देतो.

बांधणी अशी. चिमणीच्या नळाभोवती दुसरा, मोठा पत्र्याचा नळ चढवा. याला कोट म्हणू. चिमणी १०० मिलिमीटरची असेल तर कोट पावणेदोनशेचा. कोट जमिनीपासून अडीच फुटांवर सुरू होऊन साडेपाच फुटांवर संपतो. खालचं तोंड उघडं, वरचं चिमणीभोवती झाकणाने बंद. वरच्या टोकाला बाजूने एक भोक, त्यातून गरम हवा शेजारच्या भिंतीवरच्या कपाटात, तळाशी शिरते. कपाटाच्या माथ्यावरून वीतभर रुंद वाट भिंतीतून बाहेर, पागोळ्यांच्या आत काढा आणि तिला उंदरांसाठी जाळी लावा. धूर आतल्या नळात, हवा बाहेरच्या कोटात. दोघांची भेट होता कामा नये.

म्हणून सर्वांत महत्त्वाचं: कोटाच्या आत चिमणीला सांधा येऊ देऊ नका. तो भाग अखंड नळाचा हवा. सांधा असला की कधी ना कधी तो सुटतो, आणि धूर कपाटात शिरतो.

तपासा: कोटाच्या खालच्या तोंडाशी उदबत्ती धरा, धूर आत ओढला गेला पाहिजे. मग एक धुतलेला पांढरा पंचा तासभर कपाटात टांगा. हुंगा. धुराचा वास आला तर चूल विझवून सांधा शोधा.

आणखी एक खूण सगळ्यांना माहीत नसते. चिमणीतून काळं, चिकट पाणी ठिपकायला लागलं, तर तुम्ही धुरातली ऊब प्रमाणाबाहेर काढून घेता आहात. धूर फार गार झाला की वर चढत नाही आणि त्यातलं डांबर आतच जमतं. पुढे तेच पेट घेतं. अशा वेळी कोटाचं खालचं तोंड अर्धं झाका. सगळी ऊब ओरबाडायचा हव्यास इथेच आवरावा लागतो.

कपाटात आर्द्रतामापक टांगा, चार-पाचशे रुपयांत तापमानही दाखवणारा मिळतो. कशाला किती ऊब चालते ते असं:

कपडे ५० अंशांपर्यंत. पिळून, झटकून, एकमेकांत चार बोटं अंतर ठेवून टांगा. निथळते कपडे घालू नका. दोन किलो पाणी उडवायला बारा-तेराशे किलोकॅलरी लागतात, तेच पाणी पिळण्याने फुकटात निघतं.

पेरायचं बियाणं, वाल, कुळीथ, चवळी ४० अंशांच्या आत. त्यापुढे दाणा दिसायला ठणठणीत, पण उगवत नाही.

पापड, सांडगे, लाल मिरच्या, मऊ पडलेले पोहे ५० अंशांवर तास-दोन तास. सुकट-बोंबील आधी उन्हात खडखडीत झालेले असतील तरच, तेही वेगळ्या दिवशी, नाहीतर महिनाभर सगळ्या साड्यांना बाजाराचा वास. ताजी मासळी या कपाटात सुकवू नका. सुकण्याआधी ती नासते.

कोकमाची सोलं मे अखेरीच्या पावसात सापडली तर ५० ते ५५ अंशांवर. ती कधीही जस्ताच्या किंवा ॲल्युमिनियमच्या जाळीवर पसरू नका. त्यांचं आम्ल धातू खातं. माझी पहिली खेप जाळीच्या चौकडीचे काळे डाग घेऊन उतरली आणि सगळी उकिरड्यावर गेली. बांबूची चटई किंवा स्टीलचं ताट घ्या. आणि घाई करून ७० अंशांवर नेऊ नका. वरून सालपट टणक होतं, आत ओल कोंडते, आणि पंधरा दिवसांनी बरणी उघडल्यावर बुरशी भेटते.

तपासा: धान्य-कडधान्य सुकलं की नाही हे दाताखाली फोडून बघायची रीत आहेच, पण दात फसवतात. मीठ तव्यावर खडखडीत परता, गार करा. कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर दाण्यांत चमचाभर मीठ घालून मिनिटभर हलवा आणि थोडा वेळ ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर दाणा अजून ओला आहे. मोकळं घरंगळलं तर डब्यात भरायला हरकत नाही. मीठ परतायला विसरलात तर ही परीक्षा खोटी पडते, कारण पावसाळ्यात मीठच आधी ओलं असतं.

बाहेर काढलेली वस्तू गार होईपर्यंतच उघडी ठेवा, मग लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात. रात्रभर सुपात राहिली तर सकाळी होती तशी.

पायरी ६: पेंढ्याची पेटी आणि निखारे

भाताला, आमटीला उकळी आली की पुढचं शिजणं जाळाशिवायही होतं. लाकडी खोकं घ्या, तळाला आणि चारी बाजूंना वीतभर पेंढा किंवा तूस ठासा, मध्ये भांड्याएवढी खोबण ठेवा, वरून तुसाची उशी. भात पाच मिनिटं खळखळ उकळू द्या, झाकण न उघडता भांडं पेटीत घाला, पाऊण तास हात लावू नका. पाणी नेहमीपेक्षा थोडं कमी, कारण वाफ उडत नाही. उकडा तांदूळ असेल तर उकळी दहा मिनिटं आणि पेटीत सव्वा तास. डाळ आधी भिजवलेली हवी. घेवडा, राजमा या वाटेला नेऊ नका, ते पूर्ण उकळूनच शिजवा.

तपासा: पेटी उघडल्यावर भांडं ६० अंशांच्या वर असलं पाहिजे. खाली गेलं असेल तर लगेच उकळी काढा. तसंच संध्याकाळपर्यंत ठेवणं म्हणजे पोटदुखीला निमंत्रण.

निखारे राखेखाली पुरले की रात्रभर वैलावरचं तपेलं कोमट राहतं, एवढाच त्यांचा उपयोग. ते शेगडीत भरून झोपायच्या खोलीत नेऊ नका. खोली सुकी करायला नाही, आणि बाळंतिणीला शेक द्यायलाही बंद खोलीत नाही. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, धूर नाही, माणूस झोपेतच जातो. शेक द्यायचाच तर खिडकी आणि दार दोन्ही उघडी, कोणीतरी जागं, आणि काम झालं की शेगडी अंगणात. घरातली मोठी माणसं रागावतील. रागावू देत.

चूल नसेल तर

गॅसवाल्यांनी पेंढ्याची पेटी करावी, बाकी त्यांच्याकडे धरण्याजोगं फार नाही. फ्रिजच्या मागे ऊब असते, पण तिथे कपडे टांगून हवा कोंडली तर फ्रिज जास्त वीज खातो. मोजे आणि पायपुसणी बाजूला वीतभर अंतरावर ठेवा, एवढंच.

एसी असेल तर गोष्ट वेगळी. दीड टनाचा एसी खोलीतून सव्वापाच किलोवॉटच्या आसपास उष्णता ओढतो आणि ती, वर स्वतःची वीज, असं मिळून बाहेरच्या युनिटमधून फेकतो. पडवीत किंवा झाकलेल्या गच्चीत युनिट असेल तर त्याच्या पंख्यासमोर चार फूट लांब कपड्यांची दोरी बांधा. जवळ नाही. कपडा पंख्यावर चिकटला की कॉम्प्रेसर तापतो. युनिटच्या मागची बाजू मोकळी ठेवा. किनाऱ्याजवळ असाल तर खाऱ्या हवेने जाळी गंजते, तिच्यावर महिन्यातून एकदा गोडं पाणी मारा, मशीन बंद करून.

चुलीवाल्यांनी लाकूड फोडणं आणि गारा लिंपणं एप्रिलमध्ये उरकावं, पत्र्याचं काम मेच्या पहिल्या पंधरवड्यात. जूनमध्ये कौलं काढायला माणूस मिळत नाही. चिमणी पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी झाडा, चूल पूर्ण गार असताना, वरून नारळाच्या काथ्याचा बोळा दोरीला बांधून खाली ओढत. पहिल्या खेपेला निघालेली काजळी बादलीत मोजून ठेवा. पुढच्या खेपेला दुप्पट निघाली तर लाकूड ओलं आहे, दुसऱ्या पायरीवर परत जा.